फटफट्यांच्या तारणहारास, हट्ट्याहून

प्रति,
जुन्या मोटारसायकलींचे तारणहार, थोर संग्राहक, वारसाप्रेमी
आणि (फक्त रोखीने) खरेदीदार,
मु. पो. मोठे शहर.

विषय : हट्टा व पंचक्रोशीतून आपण उचलून नेलेल्या वारशाबद्दल जाहीर आभार मानण्याबाबत.

संदर्भ : आपला छोटा हत्ती, निळी ताडपत्री आणि कोरे फॉर्म.

महोदय,



पत्र जाहीर लिहावं लागतंय, कारण आपला पत्ता गावात कुणाकडेच नाही. आपण जाताना दिलेला मोबाइल नंबर लागत नाही. कागदावर आपलं नाव कुठेच नाही. इतक्या घरांतून इतका मोठा वारसा वाचवून नेला आणि स्वतःचं नावसुद्धा मागे ठेवलं नाही, असा निरिच्छ माणूस आमच्या परभणी-हिंगोली रस्त्याने याआधी गेलेला नाही.

आपण आलात ते ऐन हळद शिजवणीच्या दिवसांत. आपल्या अभ्यासाला इथेच दाद द्यायला हवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये वसमत तालुक्यातल्या कुठल्याही गावात शिरा. धडधाकट माणूस घरी सापडत नाही. कोणी हळद काढायला, कोणी शिजवायला, कोणी वाळत घालायला. मोबाइलवर जुन्या गाडीचा भाव बघू शकणारी पोरं रानात आणि ओसरीवर फक्त म्हातारी माणसं. आपण ओसरीवर टेकलात, पाणी मागितलंत, नको नको म्हणत दोनदा चहा घेतलात. मग गोठ्याकडे नजर टाकून, जणू आत्ताच दिसली अशा सुरात म्हणालात, "मावशी, ही अडगळ कशाला सांभाळताय?" मावशी म्हणाल्या, "कोंबड्या बसत्यात बाबा तिच्यावर. न्यायची तर ने." सौदा संपला. मावशींच्या मालकांनी उमेदीची वर्षं जिच्यावर काढली ती बुलेट आपण लोखंडाच्या भावाने, किलोवर घेतलीत. वजनकाटासुद्धा आपलाच होता. यजमानांना कसलीही तोशीस पडू द्यायची नाही, हा आपला बाणा.

आम्ही गावकरी अडाणी. आम्हाला वाटायचं, गाडीला एकच किंमत असते. आपल्यामुळे कळलं की गाडीला दोन चरित्रं असतात. एक झिरो फाट्याच्या अलीकडचं, गावातलं; एक पलीकडचं, शहरातलं.

उदाहरणार्थ, दूध घालणाऱ्या मामांची राजदूत. गोठ्यात उभी होती तोवर आपल्या तोंडी ती "दूधवाल्याचं खटारं" होती. दोन्ही बाजूंच्या कॅनच्या घासण्याने तिचा रंग गेलेला, सीट फाटलेली, किक लोंबकळणारी. शहरात पोहोचली आणि एकदम "पोलिश घराण्यातली टू-स्ट्रोक" झाली. खोटं काहीच नाही त्यात. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला राजदूत १७५ बाजारात आणली ती पोलंडच्या एसएचएल एम ११ या गाडीवरूनच. आमची एवढीच विचारणा आहे की, हा पोलंड मामांना पैसे देताना कुठे दडला होता?

गुरुजींची येझदी घ्या. तिच्याकडे बघून आपण मान हलवलीत, सुस्कारा सोडलात आणि गुरुजींना म्हणालात, "कंपनीच बुडाली हो, पार्ट मिळत नाहीत, ही आता मातीच." बरोबर आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा तयार होऊ लागली, १९७३ पासून तिच्या टाकीवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. हीच १९९६ ची गोष्ट आपण शहरातल्या गिऱ्हाइकाला सांगता तेव्हा मात्र सूर वेगळा असतो : "कारखानाच बंद झाला, आता अशी गाडी होणे नाही!" बंद पडलेला कारखाना तोच. गावात त्याने भाव उतरतो आणि शहरात चढतो. अर्थशास्त्रात याला काही नाव असेल. आमच्याकडे याला जे नाव आहे ते छापण्यासारखं नाही.

राजदूत ३५० चंही तसंच. १९८३ मध्ये यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने ती काढली. दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर आणि पेट्रोलची तहान न भागणारी. त्या काळात ती परवडणारे घरटी नव्हे, तालुक्यात मोजके. ज्यांनी हौसेने घेतली त्यांना घरच्यांनी पेट्रोलवरून इतकं ऐकवलं की शेवटी ती भिंतीला टेकली. आपण तिच्या मालकाला म्हणालात, "ही पेट्रोल पिते." गिऱ्हाइकाला म्हणालात, "ही आग आहे." आणि डिझेल बुलेट? ३२५ सीसीचं ग्रीव्हजचं इंजिन, साडेसहा हॉर्सपॉवर, चढावर धाप लागणारी. पण लिटरमागे इतकी पळायची की शेतकऱ्याला वरदान. जगात डिझेलवर चालणारी मोटारसायकल कारखान्यातून काढून चारचौघांना विकणं फार थोड्यांना जमलंय, हे आपल्याला पक्कं ठाऊक होतं. गावात मात्र आपण नाकाला रुमाल लावून म्हणालात, "धूर ओकते हो फार!"

भावाबद्दल तक्रार आहे असं समजू नका. व्यापाऱ्याने नफा कमवायचाच असतो. आमची हळद हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात जाते, वसमतला जाते. तिथला व्यापारीही कमी भावात घेऊन पुढे जास्त भावात विकतो, त्याबद्दल कोणी त्याला पत्र लिहीत नाही. कारण तिथे ढीग सगळ्यांसमोर लागतो, बोली चारचौघांत होते, काटा दिसतो आणि संध्याकाळी हातात पट्टी पडते : कोणाचा माल, किती क्विंटल, काय दर, कपात किती. आपल्या व्यवहारात बाकी सगळं होतं. पट्टी तेवढी नव्हती.

आता आपल्या साहित्यसेवेकडे वळतो. गाडी विकताना आपण तिच्यासोबत एक कथा फुकट देता, हे आम्हाला अलीकडेच कळलं. आमच्या भागातून गेलेल्या एका बुलेटबद्दल आपण गिऱ्हाइकाला सांगितलंत म्हणे की ती हैदराबाद मुक्तिसंग्रामात वापरली गेली होती, रात्री-अपरात्री निरोप पोचवायला. ऐकून ऊर भरून आला. आमच्या मराठवाड्याच्या लढ्याला शहरात इतका भाव आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं. अडचण तेवढी तारखेची आहे. निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ ला संपली. मद्रासमध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली ती १९५५ मध्ये. आणि आपण नेलेली गाडी तर त्याच्याही पुष्कळ नंतरची, मालकाने ऊस घातल्यावर घेतलेली. म्हणजे मद्रासची जुळणी सुरू होण्याच्या सात वर्षं आधी ती गाडी रझाकारांना चुकवत पळत होती. इतकी देशभक्त गाडी आपण काही हजारांत उचललीत, हा खरा अन्याय.

मिलिटरीची कथाही आपल्या पोतडीत कायम तयार असते. दुसऱ्या महायुद्धासाठी बनलेल्या बीएसए एम २०, नॉर्टन १६ एच, मॅचलेस जी ३ एल अशा इंग्रजी गाड्या युद्धानंतर भारतात राहिल्या, लष्कराने त्या लिलावात काढल्या आणि पुढे कित्येक वर्षं त्या इथल्या रस्त्यांवर धावल्या, हा खरा इतिहास आहे. 'शोले'तली जोडगोळी ज्या गाडीवर बसून गाते तीही त्याच जातकुळीतली, १९४२ ची बीएसए. पण म्हणून हिरव्या रंगाचा डबा मारला की १९८० ची गाडी बर्मात लढून आली, असं होत नाही. हिरवा रंग हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. युद्ध मिळत नाही.

तंत्रज्ञानातलं आपलं प्रावीण्यही थोडं नोंदवून ठेवावं म्हणतो. मावशींकडची बुलेट छोट्या हत्तीत चढवण्याआधी आपण एकदा किक मारून बघितलीत, ते गावाने पाहिलंय. गाडीने आपल्याला उलटी किक दिली आणि आपण पोटरी धरून बसलात. गावातल्या मिस्त्रींनी मग तीच गाडी हाताळून दाखवली. आधी किक हळूच दाबत इंजिन टाइट लागेपर्यंत आणायचं, अँपिअरमीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचं, डीकॉम्प्रेसरची कळ दाबून किक जराशी पुढे सरकवायची, कळ सोडायची आणि मग एकच किक, पूर्ण पायाची. गाडी चालू झाली नाही, कारण टाकीत पेट्रोलऐवजी गंज होता. पण मिस्त्रींची पोटरी शाबूत राहिली. आपण या कौशल्याचं फोनवर चित्रीकरण केलंत आणि नंतर "आमच्या टीमचं काम" म्हणून लोकांना दाखवलंत. मिस्त्रींना अजून कळलेलं नाही की ते आपल्या टीममध्ये आहेत. पगार कुठे घ्यायला यायचं, तेवढं कळवावं.

या मिस्त्री लोकांबद्दल आपण शहरात फार तुच्छतेने बोलता. "गावठी मेकॅनिकने वाट लावलीय" हे आपलं आवडतं वाक्य. गोष्ट अशी आहे, साहेब, की कंपन्यांनी पार्ट देणं थांबवल्यावर या गाड्या तीस-तीस वर्षं चालत्या ठेवल्या त्या याच माणसांनी. लेथवर बुश काढून घेतला, क्लचप्लेटला कॉर्क नव्याने बसवले, कार्बोरेटरची सुई दुसऱ्याच गाडीची घासून बसवली, मॅग्नेट पुन्हा भरून आणला. मूळ पार्ट नव्हता म्हणून बदलला; फसवायला बदलला नाही. आणि बदलला तो सांगून. आपली पद्धत याच्या नेमकी उलट.

कारण आपल्या गोदामात गाडी पोहोचली की तिचं काय होतं, ते आता आम्हाला समजलंय. टाकी एका गिऱ्हाइकाला, हेडलाइट दुसऱ्याला, लुकासचा अँपिअरमीटर तिसऱ्याला, जुनं आरसी बुक चौथ्याला. हो, आरसी बुक वेगळं विकलं जातं! ज्याच्याकडे गाडी आहे आणि कागद नाहीत त्याला कागद, ज्याच्याकडे कागद आहेत आणि गाडी नाही त्याला सांगाडा. चासिस उत्तर प्रदेशची, इंजिन आंध्रचं, कागद हट्ट्याचे. राष्ट्रीय एकात्मतेवर इतकं ठोस काम सरकारी योजनांनाही जमलेलं नाही. मग कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळावेत म्हणून आपण ग्राइंडर फिरवता आणि नवे आकडे ठोकता. त्यावर ताजा रंग. आणि जाहिरातीत : "मॅचिंग नंबर्स, शंभर टक्के ओरिजिनल."

आपण जाणकार आहात, त्यामुळे आपल्याला शिकवायचं धाडस नाही. पण आपल्या गिऱ्हाइकांसाठी एक माहिती देऊन ठेवतो. लोखंडात आकडा ठोकला की त्याचा दाब वरच्या थरापुरता राहत नाही, आत खोलवर जातो. वरचा आकडा घासून काढला तरी खालचा दबलेला धातू तसाच राहतो, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यावर रसायन टाकलं की जुना आकडा पुष्कळदा पुन्हा उठून दिसतो. म्हणजे आपण पुसलेला नंबर आपल्यापेक्षा जास्त टिकाऊ असू शकतो.

आता मुख्य विषय. आपले कोरे फॉर्म.

गाडीचं नाव बदलायचं तर आरटीओचे दोन फॉर्म लागतात, २९ आणि ३०. लोक त्यांना टीटी फॉर्म म्हणतात. आपण दर घरात ते कोरेच पुढे केलेत आणि म्हणालात, "मावशी, इथे एक अंगठा. बाकीचं मी बघतो." बाकीचं आपण खरंच बघितलंत! मावशींचे मालक जाऊन कैक वर्षं झालीत. गाडी त्यांच्याच नावावर. पण आपल्याकडच्या फॉर्मवर त्यांची झोकदार सही आहे, म्हणे, आणि तारीख यंदाची. वर गेलेला माणूस हट्ट्याला परत येऊन सही करतो आणि बायकोला न भेटताच निघून जातो, हे आम्हाला सहन झालं नाही. निदान चहा तरी घेऊन जायचं होतं त्यांनी. आपण तर दोनदा घेतलात.

मालक वारला असेल तर त्यासाठी वेगळा फॉर्म आहे, ३१ नंबरचा. वारसाने ३० दिवसांत आरटीओला मृत्यू कळवायचा आणि ३ महिन्यांत या फॉर्मवर गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, मग पुढची विक्री. वाट सरळ आहे, पण तिला मृत्यूचा दाखला लागतो, वारसांची संमती लागते, वेळ लागतो. आपल्याला इतका वेळ नव्हता. हळद शिजायच्या आत गोठे रिकामे करायचे होते.

आणि ज्यांचे मालक हयात आहेत, ज्यांनी स्वतः सही दिली, त्यांच्या गाड्यांचं काय झालं? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपण कोणाचं काहीच कळवलं नाही. गाडी पुण्यात, नाशकात, हैदराबादेत फिरतेय आणि सरकारी नोंदीत ती अजून हट्ट्याच्या गोठ्यात कोंबड्या बसवून उभी आहे. दंडाच्या चलनाचे मेसेज गुरुजींच्या फोनवर येतात. गुरुजींनी शाळा सोडून दुसरं गाव पाहिलं नाही, आणि नोंद सांगते की ते हेल्मेट न घालता घाटातून भरधाव चाललेत.

हसण्यावारी नेण्यासारखं हे इथपर्यंतच आहे. पुढचं ऐका. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी, ज्याचं नाव नोंदीत आहे त्या मालकाची. त्या प्रकरणात मूळ मालकाने गाडी कधीच विकली होती, ती पुढे अनेक हातांतून फिरली होती. पण नाव बदललेलं नव्हतं. जबाबदारी त्याच्यावरच आली. आता विचार करा. गुरुजींच्या येझदीने उद्या कुठल्या शहरात कुणाला उडवलं, गाडीला विमा नसला, तर नोटीस कुठे येईल? आपल्या गोदामात नव्हे. हट्ट्याला येईल, दोन खोल्यांच्या घरात, जिथल्या माणसाला आपण लोखंडाच्या भावाने पैसे मोजून दिले होते. साहेब, आपण या लोकांची गाडी नेलीत आणि तिच्या बदल्यात तिची जोखीम ठेवून गेलात.

वाईट याचं वाटतं की सरकारने आपल्यासारख्या रसिकांसाठी सरळ रस्ता करून दिलेला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली, मूळ रूपात जपलेली, मोठे फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज धरायची. तिला 'व्हीए' अक्षरांची खास पाटी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांसाठी. विकली तर दोघांनीही ९० दिवसांत परिवहन खात्याला कळवायचं. रोजच्या वापराला ती चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. इतका सोपा नियम आपल्याला का मानवत नाही, ते उघड आहे. 'मूळ रूपात' हे दोन शब्द आपल्या धंद्याच्या मुळावर येतात.

शिवाय त्यात ५० वर्षांची अट आहे. आपण आमच्या तलाठ्याच्या मुलाची आरएक्स १०० "व्हिंटेज" म्हणून विकलीत. ती गाडी भारतात आली १९८५ मध्ये आणि बंद झाली १९९६ मध्ये. तिला व्हिंटेज म्हटलं तर गावातल्या अर्ध्या तरण्या पोरांना पेन्शन सुरू करावी लागेल.

पाट्यांबद्दलही लिहायला हवं. आमच्या जुन्या गाड्यांची नंबरपाटी बारकाईने वाचली तर जिल्ह्याचा इतिहास दिसतो. एमने सुरू होणारी तीन अक्षरं असली तर ती राज्यांच्या नव्या दोन अक्षरी क्रमाच्या आधीची. एमएच २२ असली तर परभणीची, कारण १ मे १९९९ पर्यंत हिंगोली हा जिल्हाच नव्हता. एमएच ३८ असली तर त्यानंतरची. पेंटरने हाताने रंगवलेली, मागे मुलाचं नाव किंवा औंढ्याच्या नागनाथाची कृपा लिहिलेली. आपण त्या पाट्या उचकटून हॉटेलवाल्यांना भिंतीवर लावायला विकल्यात. एका गाडीचंही तेच झालं म्हणे; कुठल्याशा कॅफेच्या भिंतीला ती आडवी टांगलीय, खाली लोक कॉफी पितात. जिच्यावर कापसाची गाठोडी गेली, बाळंतिणी दवाखान्यात गेल्या, परीक्षेची पोरं गेली, ती आता फोटो काढायला उपयोगी पडते. वारसा जिवंत ठेवण्याचा हा प्रकार आम्हाला नवा होता.

तरी आपल्यावर रागावून आम्ही सगळ्या संग्राहकांना एका मापाने मोजत नाही. खरे वेडे आहेत, आणि महाराष्ट्रात बरेच आहेत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिनाला गावोगावची माणसं आपापल्या गाड्या घेऊन जमतात, एकमेकांना पार्ट देतात, जुन्या मिस्त्रींना मानाने बोलावतात. मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज रॅलीत गाडीशेजारी उभा असलेला म्हातारा तिच्या प्रत्येक नटबोल्टचा हिशेब सांगतो आणि कुठला बोल्ट बदललाय हेही लपवत नाही. अशी माणसं गाडी घ्यायला येतात तेव्हा आधी मालकाची गोष्ट ऐकतात, जुना फोटो मागतात, पहिल्या खरेदीची पावती आहे का विचारतात, नाव लगेच बदलून घेतात. पैसेही योग्य देतात, पण ती नंतरची गोष्ट. त्यांना कळतं की जुन्या गाडीत लोखंड सगळ्यात स्वस्त असतं. मोल असतं ते तिच्याबद्दलच्या खऱ्या माहितीला. कोणी घेतली, कधी घेतली, कुठे चालवली, काय बदललं. आपण नेमकी तीच माहिती ग्राइंडरने घासून काढलीत आणि उरलेल्या लोखंडाला वारसा म्हणून विकलंत.

म्हणून आमच्या काही नम्र मागण्या. पहिली, ज्या गाड्यांची नावं बदललेली नाहीत ती बदलून घ्या, खर्च आपला. दुसरी, वारलेल्या माणसांच्या सह्या असलेले फॉर्म फाडू नका. जपून ठेवा, पोलिसांना ते पाहायचे असतील. तिसरी, येझदीच्या खऱ्या कथेचा एक कागद नव्या मालकाला द्या. गुरुजी लिहून द्यायला तयार आहेत, मोडी सोडून कुठल्याही लिपीत. चौथी, मिस्त्रींचा पगार.

आपल्याकडून यातलं काही होईल अशी आशा नाही, म्हणून उरलेलं पत्र आपल्यासाठी नाहीच. ते पंचक्रोशीतल्या बायाबापड्यांसाठी आहे.

मायबापहो, गोठ्यातली गाडी विकायची तर खुशाल विका. वस्तू आपली, पैसा आपला. पण विकण्याआधी घरातल्या जाणत्या पोराला एक दिवस रानातून बोलवा. इंजिन आणि चासिसच्या नंबरांचे फोटो काढून ठेवा. घेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत, नाव, पत्ता, तारीख आणि वेळ लिहिलेला कागद दोन साक्षीदारांसमोर करा आणि त्यावर त्याचीही सही घ्या. फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरल्याशिवाय अंगठा देऊ नका. मालक हयात नसतील तर आधी फॉर्म ३१, मग विक्री. पैसे शक्यतो बँकेतून घ्या, म्हणजे नोंद राहील. महिन्याभराने परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून नाव बदललं का ते पाहा, नसेल तर हिंगोलीच्या आरटीओत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. गाडी खरंच भंगारात द्यायची असेल तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरसी जमा करून नोंदणी रद्द करून घ्या. मग तिच्या कागदांवर दुसरी गाडी उभी राहणार नाही. आणि भाव कळत नसेल तर थांबा. इतकी वर्षं गोठ्यात उभी असलेली गाडी आणखी एक महिना उभी राहिल्याने कोणाचं काही बिघडत नाही. घाई फक्त घेणाऱ्याला असते, आणि ती का असते, ते वर लिहिलंय.

कोऱ्या कागदावर सही द्यायची नाही. पुढचा छोटा हत्ती हळदीच्या हंगामातच येईल.

आपला नम्र,
गोठ्यातल्या गाडीचा एक शेजारी
हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली